इंगवले सरांचा उलटा बाण

"नाही," माझा आवाज म्हणाला. मी हो म्हणालो होतो.

प्रश्न काही अवघड नव्हता. कामत मॅडमनी तो कागदावरून सावकाश वाचला होता: दिगंबर इंगवले, हे केंद्र सोडून कराडला आपल्या घरी राहायला जाण्याची तुमची इच्छा आहे का? माझी बायको उज्ज्वला पलंगाच्या पायथ्याशी, माझ्या नजरेच्या टप्प्यात उभी होती. आठ महिने मी या प्रश्नाची वाट बघत होतो. तो वाचून संपायच्या आतच मी मनातल्या मनात उजव्या हाताची मूठ आवळली, इतक्या जोरात की खरा हात हलत असता तर नखं तळव्यात रुतली असती. मूठ आवळली म्हणजे हो आणि सैल सोडली म्हणजे नाही, असं माझं आणि यंत्राचं ठरलेलं. तरीही उशाजवळच्या डबीतून आलं ते नाहीच.

नियमाप्रमाणे कामत मॅडमनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा मूठ आवळली आणि डबी पुन्हा नाही म्हणाली, माझ्याच आवाजात, वर्गात उशिरा येणाऱ्याला म्हणायचो तितक्याच तुटकपणे. उज्ज्वलाने माझ्या पायांवरची चादर नीट केली आणि ती बाजूला झाली. बाजूला झाली म्हणजे माझ्यापुरती नाहीशीच झाली, कारण मला बुबुळं हलवता येत नाहीत.

हे जरा आधीपासून सांगायला हवं. कराडजवळच्या एका आयटीआयमध्ये मी एकोणतीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. निवृत्त झालो आणि वर्षभरात मेंदूत रक्ताची गाठ अडकली. पहिल्या झटक्याने हातपाय गेले, दुसऱ्याने जीभ, मान आणि डोळ्यांची हालचालही गेली. ऐकू सगळं येतं, समोर असेल तेवढं दिसतं आणि डोकं पूर्वीसारखंच चालतं. विद्यार्थी ज्याला माझा खडूसपणा म्हणायचे, तोही शाबूत आहे. फक्त तो बाहेर पडायला वाट उरली नाही.

घरी उज्ज्वलाने चौदा महिने माझं सगळं केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून पातळ अन्न घालायचं, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून थेंब टाकायचे. मग तिचा मणका सरकला, आणि मला मिरजेबाहेरच्या या केंद्रात आणून ठेवलं. तिचा मणका बरा झाला. मी मात्र इथेच राहिलो.

माझ्यासारख्यांना वीस वर्षांपूर्वी कोणी काही विचारत नसे. घरचे ठरवायचे, डॉक्टर मान डोलवायचे. मग मेंदूवर बसवायच्या या पट्ट्या आल्या आणि त्यांच्यामागून इच्छा-कायदा आला. ज्याला पट्टी बसवली आहे त्याने कुठे राहायचं हे त्यानेच सांगायचं, घरच्यांचं मत विचारायचंसुद्धा नाही. केंद्रात आल्यावर वर्षाच्या आत एकदाच, वेगवेगळ्या तीन दिवशी तोच प्रश्न विचारतात आणि तीनपैकी दोन उत्तरं जी येतील ती पक्की धरतात. हो आलं तर घरच्यांना न्यावंच लागतं. नाही आलं तर तो माणूस केंद्राचा कायमचा रहिवासी होतो आणि पुन्हा त्याला कोणी विचारत नाही. कामत मॅडम या कायद्याने नेमलेल्या इच्छा-अधिकारी. त्या चुकून हसल्या तरी लगेच कागदाकडे बघतात.

पट्टीचं काम समजायला सोपं आहे. मी अकरावी नापास मुलांना समजावलं आहे, तेव्हा तुम्हालाही समजेल. ट्रान्झिस्टर हा विजेच्या वाटेवरचा नळ असतो. त्याला तीन पाय. दोन पायांमधून मोठा प्रवाह जायचा, आणि तिसऱ्या पायावर इवलासा प्रवाह देऊन तो नळ उघडायचा किंवा बंद करायचा. माझ्या कवटीखाली नखाएवढी मऊ पट्टी आहे, तिच्यावर असे काही हजार नळ आहेत. मेंदूभोवतीच्या खारट पाण्यातले विद्युतभारित कण त्यांना चालवतात. मी मूठ आवळायचं मनात आणलं की हाताचा कारभार बघणाऱ्या पेशी जाग्या होतात, कण इकडचे तिकडे होतात, नळ उघडतात आणि डबीला हो कळतं. डबीला आवाजही माझाच दिला आहे. माझ्या वर्गात मुलं फोनवर चोरून रेकॉर्डिंग करायची, त्यातून तो बनवला.

पण नळ दोन जातीचे असतात. एक जात इशारा आला की उघडते, दुसरी इशारा आला की बंद होते. दोन्ही उपयोगाच्या, फक्त कोणती बसवली आहे हे डबीला सांगावं लागतं. त्यासाठी डबीच्या पोटात एक बारीक खटका आहे. कागदावर या जाती ओळखायची खूण म्हणजे बाण. चिन्हात एका पायावर छोटा बाण काढलेला असतो. तो बाहेर निघालेला असला तर एक जात, आत घुसलेला असला तर दुसरी. जगभर हेच चालतं आणि शेंबडं पोरही चुकत नाही.

माझी पोरं चुकतात. त्याला कारण मी.

तो बाण प्रवाहाची दिशा दाखवतो, धनाकडून ऋणाकडे. ही दिशा शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉनचा शोध लागायच्या कितीतरी आधी अंदाजाने ठरवली. पुढे कळलं की तारेतून खरे धावतात ते इलेक्ट्रॉन, आणि ते ऋणाकडून धनाकडे जातात, म्हणजे बाणाच्या बरोबर विरुद्ध. तोवर सगळी पुस्तकं छापून झाली होती. हिशोब दोन्हींकडून सारखाच सुटतो म्हणून कोणी बदल केला नाही. मला मात्र याचा संताप यायचा. मी फळ्यावर बाण काढायचो आणि म्हणायचो, हा खोटं बोलतोय, याला मनात उलटा करा आणि मगच पुढे जा. एकोणतीस वर्षं मी हे घोटून घेतलं. दुसरे मास्तर माझ्या विद्यार्थ्यांना इंगवल्यांची उलटी पोरं म्हणायचे आणि मी ते मिरवायचो.

या केंद्राचा तंत्रज्ञ तौफिक मुजावर हा माझाच विद्यार्थी. आता चाळिशी उलटली आहे, दाढी पिकायला लागली आहे, पण माझ्यासमोर येताना अजून शर्टाचं वरचं बटण लावतो. कामत मॅडम येण्याच्या आदल्या आठवड्यात माझी जुनी पट्टी खराब झाली म्हणून डॉक्टरांनी नवी घातली होती. ती दुसऱ्या कारखान्याची होती. तौफिकने सोबतचा कागद माझ्या तोंडासमोरच उजेडात धरला होता आणि तो पुटपुटला होता, बाण बाहेर, म्हणजे इलेक्ट्रॉन आत. मग टक् असा खटक्याचा आवाज आला. मला तेव्हा गुंगी होती. त्याने चाचणीही घेतली, एकदा हो एकदा नाही असं दहा वेळा म्हणा, कुठूनही सुरुवात करा. उलट्या डबीतूनही हो-नाही-हो-नाही असंच ऐकू येणार. चाचणी पास झाली.

कामत मॅडमनी दोनदा नाही ऐकल्यावर कागदावर एक रकाना होता म्हणून तौफिकला बोलावलं आणि यंत्र ठीक असल्याची खात्री करून घ्यायला सांगितलं. तोपर्यंत माझ्या डोक्यात सगळा उलगडा झाला होता. तो समोर आला, डबीचं बटण दाबलं आणि विचारलं, "सर, यंत्र बरोबर चालतंय ना?"

मी जिवाच्या आकांताने नाही म्हणालो. मूठ सैल सोडली, पार सैल.

"हो," डबी म्हणाली.

तौफिकने रकान्यात सही केली आणि बटण बंद केलं. बटण बंद असताना मी काहीही म्हणालो तरी ते कुठे पोचत नाही. माझ्या मूर्खपणाचा झटका मला त्यानंतर बसला. सरळ यंत्राला हा प्रश्न विचारला तर उत्तर हो येतं आणि उलट्याला विचारला तरी हो येतं. यंत्र उलटं आहे हे मला कळलेलं असताना मी मूठ आवळायला हवी होती. परीक्षेत मी असला प्रश्न मुद्दाम घालायचो आणि चुकणाऱ्याला उभा करायचो. आता मला उभंही राहता येत नव्हतं, आणि संधी गेली ती गेलीच.

प्रश्नाचा दुसरा दिवस दोन दिवसांनी होता. मधल्या वेळात मला कोणी काही विचारलं नाही. परिचारिका येतात, कूस बदलतात, आपसांत बोलतात आणि जातात. इथे बटण फक्त कामापुरतं दाबतात, आणि कूस कोणत्या वेळी बदलायची हे तक्त्यावर लिहिलेलं असतं, त्यासाठी माझं मत लागत नाही. मी छताकडे बघत उलटा सराव करत राहिलो. वाटतो तितका तो सोपा नाही. ज्यासाठी जीव तुटतोय ते कोणीतरी समोर धरायचं आणि आपण हात ढिला सोडायचा. मला घरी जायचं होतं. घरच्या माझ्या खोलीतून समोरच्या डॉक्टरांचं गेट दिसतं, ते दिवसभर करकरतं, आणि तेसुद्धा मला हवं होतं. उज्ज्वलाने भाजीवाल्याशी घातलेली हुज्जत ऐकायला हवी होती. इथे जेवण नळीतून आणि बोलणं पलंगाच्या क्रमांकाशी.

दुसऱ्यांदा प्रश्न आला. मी मूठ सैल ठेवली आणि डबी हो म्हणाली. मला जिंकल्यासारखं वाटलं. उज्ज्वला समोरच उभी होती. ती म्हणाली, "बरं."

तिचं हे बरं मला ठाऊक होतं. आधी न कळवता पाहुणे दारात आले की ती असं बरं म्हणायची आणि आत जाऊन डाळीत पाणी वाढवायची. मी स्वतःला सांगितलं की तिला अजून विश्वास बसत नसेल. आधी नाही आणि आता हो, कोणीही गोंधळेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा हात सैल सोडायचा, दोन हो होतील आणि मग घर.

तिसऱ्या दिवशी सकाळी तौफिक एकटाच आला. खुर्ची ओढून तो माझ्या अगदी तोंडासमोर बसला, म्हणून मला त्याचे डोळे दिसले. ते लाल होते. शेजारच्या खोलीतल्या एका बाईंना तशीच नवी पट्टी बसवली होती, आणि स्वतःचा मुलगा समोर असताना हा तुमचा मुलगा का, असं विचारल्यावर त्या बाईंची डबी नाही म्हणाली. मुलाने दंगा केला. तौफिकने कागद पुन्हा काढला आणि बाण नीट बघितला.

"सर, चुकलं माझं," तो म्हणाला. "बाण बघितला की हात आपोआप उलटा करतो बघा. वीस वर्षं झाली, पण डोळ्यापुढं अजून तुमचा फळा येतो."

त्याने खटका सरकवला, बटण दाबलं आणि माझं नाव दिगंबर का ते विचारलं. मूठ आवळली, हो आलं. आपण साताऱ्याला आहोत का, तर नाही आलं. इतक्या दिवसांनी माझं तोंड माझ्या ताब्यात आलं होतं. त्याच्यावर रागावणं मला जमलं नाही. चूक त्याच्या हातून झाली, पण ती मी त्याच्या हातात घातली होती. एवढ्या अभिमानाने शिकवलेली गोष्ट आयुष्यात एकदाच कोणाच्या तरी उपयोगी पडली, आणि ती मलाच कोंडून घालायला.

तौफिकने सगळं लिहून दिलं. नोकरीवर गदा येईल हे माहीत असून दिलं. कामत मॅडमनी ते वाचलं आणि नियमाला धरून जे करायचं तेच केलं. यंत्र उलटं होतं, तेव्हा नोंदलेली दोन्ही उत्तरं उलटी करायची. पहिल्या दिवशीच्या नाहीचं त्यांनी हो केलं. दुसऱ्या दिवशीच्या होचं नाही केलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उलटं बोललो होतो हे त्यांना कोण सांगणार? हुशारी केली ती अंगाशी आली. एक हो आणि एक नाही, आता सगळं तिसऱ्या उत्तरावर आलं. पण मी फारसा घाबरलो नाही. यंत्र सरळ होतं, आणि माझं उत्तर मला पाठ होतं.

कामत मॅडम कागद पुढे करणार इतक्यात उज्ज्वला म्हणाली की मला दहा मिनिटं यांच्याशी एकटीने बोलायचं आहे. नियमात तशी मनाई नव्हती. मॅडम आणि तौफिक बाहेर गेले. तिने डबीचं बटण बंद असल्याची खात्री केली आणि मगच ती तौफिकच्या खुर्चीत बसली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या डोक्यामागे नाडीचा आकडा दाखवणारा पडदा आहे. तुम्हाला तो दिसत नाही, मला दिसतो. मॅडम विचारत होत्या तेव्हा बहात्तर होता. डबी नाही म्हणाली आणि तो एकशे अठरावर गेला. मनातलं बोलून झाल्यावर कोणाचं काळीज असं धावत नाही. डबी उलटं बोलतेय हे मला तिथेच समजलं. मी कोणाला सांगितलं नाही."

तिने पदराने कपाळ पुसलं. नंतर बोलली ती माझ्याकडे बघून नाही, माझ्या हाताकडे बघून.

"आठ महिने मी या तारखेला भीत होते. त्या दिवशी बसमध्ये बसले आणि कराड येईपर्यंत रडले. सुटले म्हणून रडले. वाटलं, माझ्या तोंडून जायला नको होतं, यंत्राच्या तोंडून गेलं. परवा हो आलं आणि बसमध्ये मी परत दर दोन तासांचं गणित मांडत बसले. तुम्ही आलात तर मी करीन सगळं, टाकणार नाही. पण हौसेने करीन असं खोटं नाही सांगवत मला. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. आता तुम्ही काय ते सांगा."

मला राग आला. इतका राग मला झटका आल्यापासून आला नव्हता. मी छताकडे बघत मूठ सैल सोडायचा सराव करत होतो, आणि हिला सगळं माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर तौफिक धावत आला असता. अडतीस वर्षांचा संसार, आणि तिने मला त्या नाहीमध्ये बंद करून वरून चादर नीट केली होती. हलता आलं असतं तर मी उठून खोलीबाहेर गेलो असतो.

मग राग थोडा ओसरला आणि तिचे हात दिसले. ते मांडीवर पालथे पडले होते. घरी होतो तेव्हा या हातांनी दर दोन तासांनी मला वळवलं होतं, आणि मी एकदाही दुखतंय का असं विचारू शकलो नव्हतो. पहिले चार महिने पट्टीच नव्हती. पट्टी आल्यावर मला फक्त उत्तरं देता येऊ लागली. ती विचारायची, उजवीकडे वळवू का, थंडी वाजते का, टीव्हीचा आवाज बंद करू का. मी हो आणि नाही म्हणत राहायचो. त्या सगळ्या काळात आमच्या घरात तिच्याबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नाही.

आता मला तिच्या मनातलं सगळं ठाऊक होतं. हो म्हणालो तर कायदा तिला बांधून टाकणार होता. नाही म्हणालो तर मी मरेपर्यंत याच छताखाली. मोठ्या मनाचा माणूस काय करेल ते मला माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात असतो तसा माणूस नाही म्हणाला असता, बायकोने त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं आणि सगळ्यांना बरं वाटलं असतं.

कामत मॅडम आत आल्या, त्यांच्यामागून तौफिक आला. बटण दाबलं गेलं. प्रश्न तिसऱ्यांदा वाचला गेला. उत्तरासाठी आठ सेकंद मिळतात. पहिल्या दिवशी मी एकही वापरला नव्हता. आज मी सेकंद मोजत बसलो. उज्ज्वला पायथ्याशी उभी होती आणि आज ती डबीकडे बघत नव्हती, माझ्या डोक्यामागच्या पडद्याकडे बघत होती. माझ्या आधी तिला कळणार होतं.

सातव्या सेकंदाला मी मूठ आवळली.

"हो," माझा आवाज म्हणाला.

कामत मॅडमनी लिहून घेतलं आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून हलवता येईल असं सांगितलं. तौफिकने माझा खांदा दाबला. तो खूश होता. त्याच्या मते सगळं सरळ झालं होतं. मॅडमनी उज्ज्वलाला सही कुठे करायची ते दाखवलं, कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला, आणि मग ते दोघे बोलत बोलत व्हरांड्यात गेले. जाता जाता तौफिकने सवयीने बटण बंद केलं.

उज्ज्वला समोर नव्हती. खोलीतच होती, कारण पावलं बाहेर गेली नव्हती. ती उजवीकडे असावी, कपाटापाशी. मला तिला विचारायचं होतं, तुला जमेल ना. एवढंच विचारायचं होतं. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि ती माझे कपडे एकेक करून बाहेर काढून घड्या घालायला लागली.